ड्रायव्हरचा चेंडू उंच का जात नाही?

ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधला सर्वात लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी, आणि त्याने मारलेला फटका म्हणजे ड्राइव्ह. हौशी खेळाडूचा ड्राइव्ह उंच का जात नाही, हे कळायला आधी चांगला ड्राइव्ह पाहू. अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या, पुरुष खेळाडूंच्या ड्राइव्हची रडारने काही वर्षांपूर्वी मोजलेली एक सरासरी गोल्फवाल्यांना पाठ असते. चेंडू क्लबवरून सुटतो तो ताशी २६९ किलोमीटर वेगाने, जमिनीशी १०.९ अंशांचा कोन करून. आता शाळेत शिकलेलं प्रक्षेपणाचं गणित काढा आणि हवा अजिबात नाही असं धरा. चेंडू जेमतेम १० मीटर उंच जाईल आणि २११ मीटरवर पडेल. प्रत्यक्षात तो २९ मीटर, म्हणजे नऊ मजली इमारतीएवढा उंच चढतो आणि पहिला टप्पा पडतो २५१ मीटरवर. हवेने चेंडूला अडवायला हवं. ती अडवतेही, पण त्याच वेळी त्याला उचलूनही धरते.

ही उचल येते उलट्या फिरकीतून. ड्रायव्हरवरून सुटलेला चेंडू मिनिटाला साधारण २,७०० फेरे घेत असतो, म्हणजे सेकंदाला ४५. त्याचा वरचा भाग मागे, खेळाडूकडे फिरत असतो. चेंडूला लगटून वाहणारी हवा या फिरण्यामुळे मागच्या बाजूला खाली ढकलली जाते आणि तिने चेंडूला वर ढकलणं ओघाने आलंच. हाच मॅग्नस परिणाम. ४५.९३ ग्रॅम या नियमाने ठरलेल्या कमाल वजनाचा चेंडू धरला, तर सुटल्यावर पहिल्या क्षणांत ही उचल चेंडूच्या वजनाहून जास्त भरते. म्हणून चांगला ड्राइव्ह सुटल्यावर सरळ रेषेत न जाता किंचित वरच वळतो. मागे उभं राहून पाहिलं की ते डोळ्यांना दिसतं.

एडिंबराचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात हे गणिताने मांडलं. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळातला अव्वल हौशी गोल्फपटू. त्याआधी खेळाडूंची समजूत अशी की फिरकी म्हणजे फटक्यातला दोष, चांगल्या फटक्यात ती नसतेच. चेंडूवरच्या खळग्यांचं कामही हवेशीच निगडित आहे. खळग्यांमुळे चेंडूलगतचा हवेचा थर खळबळता राहतो, तो चेंडूला जास्त मागेपर्यंत चिकटून वाहतो आणि रोध जवळजवळ निम्म्यावर येतो. गुळगुळीत चेंडू याच फटक्याला निम्म्या अंतराच्या आसपासच बसेल.

मग फिरकी वाढवली की उंची वाढली, असं सोपं आहे का? उंची वाढते, पण ती कामाची नसते. मिनिटाला चार हजार फेऱ्यांचा चेंडू फुग्यासारखा वर चढतो, रोधही वाढतो, पुढे जाण्याचा वेग मरतो आणि चेंडू दगडासारखा खाली येऊन तिथेच बसतो. समोरून वारा असेल तर विचारूच नका. उंची हवी ती सुटण्याच्या कोनातून, आणि फिरकी हवी ती चेंडू तरंगता राहील इतकीच.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. हौसेने खेळणाऱ्या पुरुषाला टीव्हीवर पुरुषांचा ड्राइव्ह बघून फारसं काही शिकता येत नाही, त्याने महिलांचा बघावा. वरच्या सरासरीत पुरुषांच्या क्लबचा वेग ताशी १८२ किलोमीटर आहे आणि तो चेंडूला १.३ अंश खाली येताना लागतो. इतका वेग असला की ते चालून जातं. एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक टूरवरच्या खेळाडूंचा क्लब ताशी १५१ किलोमीटरने येतो, हौशी पुरुषांचा वेगही साधारण एवढाच. पण या महिलांचा क्लब चेंडूला लागतो तो ३ अंश वर चढत असताना. चेंडू १३.२ अंशांनी सुटतो, मिनिटाला २,६०० च्या आसपास फेरे घेतो आणि १९९ मीटर हवेत जातो. वेग कमी असेल तर सुटण्याचा कोन जास्तच हवा, कारण उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

हा कोन नेमका कुठून येतो? ड्रायव्हरच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के कोन ठरतो तो लागण्याच्या क्षणी फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) किती आकाशाकडे झुकलेला आहे यावर, म्हणजे त्या क्षणीच्या लॉफ्टवर. उरलेला १५ टक्के क्लब खाली येतोय की वर चढतोय यावर. फिरकी ठरते ती या दोन कोनांतल्या अंतराने. उदाहरण घेऊ. क्लब ३ अंश खाली येतोय आणि फेस १० अंश झुकलेला आहे. अंतर १३ अंश, चेंडू सुटला सुमारे ८ अंशांनी. आता तोच स्विंग (क्लब फिरवण्याची हालचाल) सबंधच ६ अंशांनी मागे कलवला. क्लब ३ अंश वर चढतोय, फेस १६ अंशांवर. अंतर तेच १३, त्यामुळे फिरकीही तेवढीच, पण चेंडू सुटला १४ अंशांनी. मनगटात काहीही न बदलता सहा अंश मिळाले.

याउलट बहुतेक जण करतात ते असं. चेंडू खाली जातोय असं दिसलं की शेवटच्या क्षणी मनगटं सोडून चेंडूला पळीने उचलल्यासारखं करायचं. त्याने फेसचा लॉफ्ट वाढतो, पण क्लब वर चढत नाही. दोन्ही कोनांतलं अंतर रुंदावतं, फिरकी वाढते आणि फटका तिरका पडल्यामुळे चेंडूचा वेग घटतो. शिवाय क्लबचा तळ, म्हणजे स्विंगमध्ये क्लब सर्वात खाली येतो ती जागा, मागे सरकते. मग कधी क्लब आधी जमिनीवर आदळतो, तर कधी चेंडूच्या डोक्यावरून घासून जातो. क्रिकेट खेळून आलेल्यांची अडचण वेगळीच असते. पुढचा पाय टाकून, डोकं चेंडूवर आणून सरळ बॅटने मारायची सवय हाडीमाशी मुरलेली. तो ड्राइव्ह जमिनीलगत जावा म्हणूनच ती सवय लावलेली असते, आणि गोल्फच्या टीवरही (चेंडू ठेवायच्या खुंटीवरही) ती आपलं काम चोख बजावते.

स्विंग मागे कलवण्याचं काम उभं राहतानाच होतं. इथून पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितो, डावऱ्यांनी बाजू बदलून वाचावं. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर. वजन उजव्या पायावर किंचित जास्त, म्हणजे ५५ आणि ४५ असं. मग ग्रिपवरून (क्लबच्या मुठीवरून) उजवा हात सोडा आणि तो उजव्या मांडीवरून गुडघ्याच्या आतल्या बाजूला जेमतेम टेकेल इतकं खाली न्या. उजवा खांदा खाली जातो, मणका लक्ष्यापासून दूर झुकतो. तो झुकाव तसाच ठेवून हात परत ग्रिपवर आणा. आता छातीचं हाड चेंडूच्या दहा-बारा सेंटिमीटर मागे असेल, आणि क्लबचा तळही त्याच्याबरोबर मागे गेलेला असेल. क्लबच्या फिरण्याची त्रिज्या दीड मीटर धरली, तर तळाच्या १० सेंटिमीटर पुढे असलेल्या चेंडूला क्लब साधारण ३ अंश वर चढताना भेटतो. त्यासाठी जोर लावायचा नसतो.

यात एक मेख आहे, आणि ती फार कमी जण सांगतात. स्विंगचं वर्तुळ उभं नसतं, तिरपं असतं. त्यामुळे तळ ओलांडून क्लब वर चढू लागला की त्याच वेळी तो डावीकडेही वळू लागतो. ३ अंश चढताना जवळजवळ अडीच अंश डावीकडे. एवढं जुळवून घेतलं नाही तर चेंडू उंच जातो खरा, पण डावीकडे निघतो किंवा फेस उघडा राहिल्यास केळ्यासारखा उजवीकडे वळतो. उपाय सोपा आहे. उजवा पाय तीन-चार सेंटिमीटर मागे घ्या आणि खांद्यांची रेषाही तेवढीच उजवीकडे वळवा.

टीची उंची हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त बदल. ड्रायव्हर जमिनीवर टेकवला की निम्मा चेंडू त्याच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे. त्यासाठी आजच्या ड्रायव्हरच्या ४६० घनसेंटिमीटरच्या डोक्याला ७० मिलिमीटरची टी बहुतेकदा पुरते, कुणाला ८३ ची लागते. नियमाने टी १०१.६ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. उंच टीचा हेतू असा की चेंडू फेसच्या मध्यावर नव्हे, त्याच्या थोडा वर लागावा. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, वरून खाली फुगीर असतो. मध्यापासून १ सेंटिमीटर वर गेलं की लॉफ्ट साधारण २ अंशांनी वाढलेला मिळतो. दुसरी गंमत त्याहून मोठी आहे. गुरुत्वमध्याच्या वर फटका बसला की डोकं किंचित मागे कलंडतं, आणि त्या अर्ध्या मिलिसेकंदात फेस वर सरकतो. एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांसारखा तो चेंडूची मागची बाजू वर ओढतो, म्हणजे उलटी फिरकी काही प्रमाणात पुसतो. जास्त कोन आणि कमी फिरकी, दोन्ही एकाच फटक्यात.

फेसच्या खालच्या भागात चेंडू लागला की बरोबर उलटं घडतं. कोन कमी, फिरकी जास्त. आधी जमिनीलगत सुटून मग मधेच वर चढणारा आणि दमून पडणारा ड्राइव्ह तुमचा असेल तर आधी हेच तपासा. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा ठिपका काढा, ती बाजू क्लबकडे करून चेंडू टीवर ठेवा आणि मारा. ठिपक्याचा छाप फेसवर उमटतो, नंतर फडक्याने पुसला जातो. दहा चेंडूंचे छाप पाहिले की डोळ्यांचा अंदाज किती फसवा होता ते कळतं.

चेंडू सरळ आभाळात गेला आणि ड्रायव्हरच्या माथ्यावर पांढरा ओरखडा उठला, की लोक टीला दोष देतात आणि ती खाली दाबतात. ओरखडा उठतो तो क्लब उभा खाली उतरल्यामुळे, बहुधा खांदे चेंडूच्या पुढे गेल्यामुळे. टी खाली घेतली की ओरखडा थांबतो, पण चेंडू फेसच्या खालच्या भागात लागू लागतो आणि मूळचं दुखणं तसंच राहतं. टी उंचच ठेवा, उतार सुधारा.

उतार सुधारण्यासाठी तीन चेंडूंचं रिकामं खोकं पुरतं. चेंडूच्या पुढे ३० सेंटिमीटरवर, लक्ष्याच्या रेषेत ते आडवं ठेवा. क्लब वर चढताना चेंडूला लागला तर खोक्यावरून निघून जातो, खाली येताना लागला तर खोकं उडतं. सुरुवात अर्ध्या वेगाने करा. खोकं चुकवायच्या नादात शरीर मागे पडू लागलं आणि फटक्यानंतर वजन उजव्या पायावरच राहिलं, तर ती नवी चूक झाली. झुकाव मागे हवा, वजन मात्र फटक्याबरोबर डाव्या पायावर गेलंच पाहिजे. शेवटच्या पवित्र्यात उजव्या पायाचा फक्त चवडा टेकलेला असावा.

सामानाबद्दल थोडक्यात. ताशी १५० किलोमीटरच्या आत वेग असणाऱ्याने ९ अंश लॉफ्टचा ड्रायव्हर वापरणं म्हणजे निव्वळ मिजास. साडेदहा किंवा १२ घ्यावा. मान (डोकं आणि दांडा जुळतात तो भाग) फिरवून लॉफ्ट बदलता येणाऱ्या ड्रायव्हरमध्ये लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंदही होतो. उजवीकडे वळणाऱ्या चेंडूला ते बरंच, पण आधीच डावीकडे जात असेल तर सांभाळून. सरकवता येणारं वजन मागच्या टोकाला नेलं की कोन थोडा वाढतो. शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, लोक सर्वात जास्त पैसे घालतात आणि उंचीच्या बाबतीत त्याचाच परिणाम सर्वात लहान असतो.

हवेचं काय? पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. उचल कमी आणि रोधही कमी, त्यामुळे तोच फटका पुण्यात किंचित खालून आणि थोडा जास्त लांब जातो. सुमारे २,६५० मीटरवरच्या गुलमर्गला हवा पाऊणपटच उरते, तिथे जास्त लॉफ्ट लागणारच. दमट हवा जड असते हा मात्र गैरसमज. पाण्याची वाफ कोरड्या हवेहून हलकी असते. पावसाळ्यात चेंडू लवकर खाली येण्यामागे बऱ्याचदा ओला फेस असतो. फेसवर पाणी राहिलं की पकड कमी होते आणि तरंगण्यापुरती फिरकीही मिळत नाही. प्रत्येक फटक्याआधी फेस आणि चेंडू दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा.

समोरून जोराचा वारा असेल तर हवेच्या तुलनेत चेंडूचा वेग वाढतो, उचल वेगाच्या वर्गाने वाढते आणि एरवीचा चांगला ड्राइव्हसुद्धा फुगतो. तेव्हा जोरात मारणं उलटच अंगाशी येतं, कारण जोराबरोबर फिरकीही वाढते. टी फार खाली घेतली तर चेंडू फेसच्या खालच्या भागात लागून फिरकी आणखी वाढेल. टी चार-पाच मिलिमीटरच खाली घ्या, ग्रिप तीन सेंटिमीटर खाली धरा आणि तीन चतुर्थांश स्विंग करा.