रविवारच्या मिसळ-पावाची शुक्रवारची तयारी

रविवारी सकाळी घरच्या सहा-सात माणसांसाठी पाव घरीच भाजायचा आणि सोबत मोड आलेल्या मटकीची मिसळ करायची असे ठरवले, की आठवडाभर नोकरीत अडकलेल्या माणसाला अर्धा दिवस स्वयंपाकघरात जाणार याची धास्ती वाटते. वास्तविक या बेतात हातांनी करायचे काम तास-दीड तासाहून फारसे अधिक नसते. बाकीचे काम यीस्टच्या पेशी, पिठातली प्रथिने आणि मटकीच्या दाण्यातली विकरे (एन्झाइम) आपापल्या गतीने करत असतात. ही गती मुख्यतः तापमानावर ठरते आणि ते तापमान फ्रिजमुळे आपल्या हातात आले आहे. म्हणून या सावकाश चालणाऱ्या क्रिया शुक्रवारी रात्रीच सुरू करून द्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

पावाचे पीठ खूप मळावे लागते, या समजुतीमुळे अनेक जण घरी पाव करण्याच्या वाटेला जात नाहीत. मैद्यात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते आणि यीस्टने सोडलेला वायू याच जाळ्यात अडकून राहतो. मळल्याने हे जाळे लवकर जुळते, परंतु पीठ नुसते ओले करून झाकून ठेवले तरी पाणी मुरत जाते आणि काही तासांत प्रथिनांचे धागे आपसूक जोडले जातात. पोळ्यांची कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवण्याची आपल्याकडची रीत याच तत्त्वावर उभी आहे. फ्रान्समधले ब्रेडचे अभ्यासक रेमंड काल्व्हेल यांनीही १९७०च्या दशकात पीठ आणि पाणी मिसळून त्याला विसावा देण्याची पद्धत मांडली, ती मळण्याचा वेळ कमी करण्यासाठीच. अर्धा किलो मैदा, पाणी आणि दूध मिळून सुमारे ३०० मिलिलिटर, ९ ग्रॅम मीठ, दोन चमचे साखर, ३० ग्रॅम लोणी आणि केवळ २ ग्रॅम कोरडे इन्स्टंट यीस्ट एवढे शुक्रवारी रात्री एकत्र करून पाच-सात मिनिटे मळले आणि फ्रिजमध्ये ठेवले, तर उरलेले काम ३०-३५ तासांचा काळ करून देतो. मैद्याऐवजी निम्मी कणीक घेता येते. तिच्यातला कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो म्हणून पाव थोडा दडस होतो, आणि ती पाणी जास्त पीत असल्यामुळे द्रवही थोडा वाढवावा लागतो.

यीस्टचे प्रमाण इतके कमी का, हे समजून घेण्यासारखे आहे. किण्वन ही जिवंत पेशींची क्रिया आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांतून दाखवून दिले. या पेशी साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल तयार करतात. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास त्या जोमात असतात, तर ४-५ अंशांवर त्यांचे काम अत्यंत मंदावते. मात्र थंडीत सगळ्या क्रिया सारख्याच प्रमाणात मंदावत नाहीत. यीस्ट संथ झालेले असतानाही पिठातली अमायलेज विकरे स्टार्चपासून साखर सुटी करत राहतात, आणि यीस्ट व पिठातले जीवाणू मिळून थोडी आम्ले व सुवासिक द्रव्ये तयार करतात. भरपूर यीस्ट घालून दोन तासांत फुगवलेल्या पावाला यीस्टचा उग्र वास आणि पिठाळ चव येते, कारण चव तयार होण्याला वेळच मिळालेला नसतो. गोव्यात पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी माडाची सूर (ताडीसारखा आंबणारा रस) घालून पीठ आंबवत असत. त्या सुरेतले नैसर्गिक यीस्ट सावकाश काम करी, आणि त्या पावाच्या चवीत या संथपणाचा मोठा वाटा होता, याबद्दल मला शंका नाही.

इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही आणि तिच्यामुळेच अनेकांचे पीठ बिघडते. फ्रिजमध्ये ठेवलेला पिठाचा गोळा लगेच थंड होत नाही. घट्ट पदार्थाच्या आतून उष्णता बाहेर यायला लागणारा वेळ त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की वेळ सुमारे चौपट होतो. उंच डब्यात कोंबलेल्या गोळ्याचा मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, तिथे यीस्ट जोरात चालते आणि रविवारपर्यंत पीठ आंबट होऊन खाली बसते. त्याऐवजी पीठ पसरट डब्यात चार-पाच सेंटिमीटर जाडीचे थापून ठेवावे, आणि मे महिन्यात, स्वयंपाकघरच ३५ अंशांवर असताना, मळायलाच फ्रिजमधले गार पाणी घ्यावे.

हाच नियम मिसळीच्या कटालाही लागू पडतो, आणि तिथे प्रश्न चवीचा नसून प्रकृतीचा असतो. कांदा-खोबऱ्याचे वाटण परतून कट शनिवारी संध्याकाळी करून ठेवणे सोयीचे असते. परंतु क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सेरियस या जीवाणूंचे बीजाणू उकळीतही टिकून राहतात आणि पातेले कोमट झाले की रुजतात. यांपैकी पहिला तर ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान फार वेगाने वाढतो. मोठ्या खोल पातेल्यातला दाट रस्सा नेमका याच टप्प्यात तासन्‌तास रेंगाळतो. म्हणून तो दोन-तीन पसरट भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, आणि रविवारी नुसता गरम न करता खळखळून उकळायला हवा.

मटकीचे काम त्या मानाने सोपे. शुक्रवारी रात्री भिजवून शनिवारी सकाळी ओल्या फडक्यात बांधली, की उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आणि थंडीत रविवार सकाळपर्यंत मोड येतात. रुजताना दाणा आपला साठा वापरू लागतो. पोटात वायू धरायला कारणीभूत ठरणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा त्यात काही प्रमाणात खर्च होतात, आणि लोह-जस्त अडकवून ठेवणारे फायटेट थोडे कमी होते. पुरेसे मोड आले की मटकी फ्रिजमध्ये ठेवावी. उबदार ओलावा जीवाणूंनाही मानवतो, त्यामुळे मोड कच्चे खाण्यापेक्षा उसळ शिजवणे अधिक सुरक्षित असते.

रविवारी सकाळी गार पिठाचे बारा गोळे करून ते ताटलीत बोटभर अंतराने मांडावेत. गार पीठ हाताला चिकटत नाही, हा आणखी एक फायदा. दीड-दोन तासांत गोळे फुगून एकमेकांना टेकतात आणि लादी तयार होते. कडा एकमेकांना चिकटलेल्या असल्यामुळे त्यांना कोरडी उष्णता लागत नाही आणि लादी पाव बाजूंनी मऊ राहतो. वरून दूध लावून २०० अंशांवर सुमारे २० मिनिटे भाजताना पावाच्या आत ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते, स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि त्यानंतर ग्लुटेन घट्ट होऊन पावाचा आकार कायम होतो. वरचा पृष्ठभाग मात्र कोरडा होऊन १४० अंशांच्या पुढे जातो आणि शर्करा व प्रथिनांचे घटक यांच्या संयोगातून तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. या अभिक्रियेचे वर्णन लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये केले. दोन दिवसांत पिठात साठलेली साखर इथे कामी येते.

पाव उरलाच तर तो फ्रिजमध्ये ठेवू नये. पाव शिळा होतो तो केवळ सुकल्यामुळे, असे आपण धरून चालतो. परंतु पाणी उडून जाऊ न देताही पाव शिळा होतो, हे बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवले होते. फुगलेल्या स्टार्चचे रेणू पुन्हा स्फटिकांसारखे रचले जातात म्हणून पाव कडक होतो, आणि ही रचना फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. फ्रीझरमध्ये ती जवळपास थांबते. ६० अंशांच्या वर तापवले की ते स्फटिक मोडतात. म्हणूनच शिळा पाव लोणी लावून तव्यावर भाजला की थोडा वेळ पुन्हा मऊ होतो. उरलेली लादी रविवारी दुपारीच पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये टाकली, तर बुधवारच्या डब्यालाही ती चालते.