पांढरा बॉल सुटा घेऊ नका
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले पूल-स्नूकर पार्लरवाले, क्लब आणि घरी टेबल असणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

"व्हाईट मागंच येईना की ओ. टिप बदलून द्या."

टिळकवाडीतल्या एका पूल पार्लरमधून असा फोन आला. व्हाईट म्हणजे काठीनं मारायचा पांढरा बॉल आणि टिप म्हणजे काठीच्या टोकाचं चामडं. आम्ही टिप बदलून दिली. फरक पडला नाही. मग टेबलाचं कापड ताणून बसवलं. तरी स्क्रू, म्हणजे समोरच्या बॉलला भिडून मागं फिरणारा शॉट, मारला की पांढरा जागच्या जागी घुटमळायचा आणि स्टन मारला की थांबायच्या ऐवजी पुढं सरकायचा. शेवटी सोळाही बॉल काट्यावर ठेवले. पांढरा १६९ ग्रॅम भरला, बाकीचे १६३ च्या आसपास. व्हर्नियर लावला, तर पांढरा ५७.१५ मिलिमीटर आणि बाकीचे ५६.५. जुना पांढरा हरवला म्हणून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी नवा नेला होता, तोही आमच्याकडूनच. देताना बाकीचे बॉल मोजायला हवे होते, ते आम्ही मोजले नव्हते. तेव्हापासून सुटा पांढरा मागायला कोणी आलं की आम्ही आधी सेट आणायला सांगतो.

सहा ग्रॅमनं एवढं काय होतं, असं पुष्कळ जण विचारतात. सारख्या वजनाचे दोन बॉल समोरासमोर भिडले की मारणारा जवळजवळ सगळा वेग दुसऱ्याला देतो आणि थांबतो. स्टन शॉट म्हणजे हेच. पांढरा जड असला तर थोडा वेग त्याच्याकडेच उरतो आणि तो पुढं जातो, त्यामुळं स्क्रूला जास्त जोर लावावा लागतो. हलका असला तर उलट, स्क्रू सहज येतो पण फॉलो, म्हणजे भिडून पुढं चालणारा शॉट, मारताना बॉल लंगडतो. कट शॉटमध्ये, म्हणजे समोरचा बॉल मधोमध न घेता कडेला घेताना, तर हा फरक आणखी नडतो. सारख्या वजनाचे बॉल स्टन कटनंतर एकमेकांपासून काटकोनात फुटतात आणि चांगला खेळाडू पुढची पोझिशन त्याच काटकोनावर आखतो. पांढरा जड असेल तर काटकोन मिटतो आणि तो दोन बोटं पुढं जाऊन उभा राहतो. खेळणारा बिचारा स्वतःच्या हाताला दोष देतो.

उद्यमबागेत लेथवर काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: गोळ्याचा व्यास एक टक्का घटला की वजन तीन टक्के घटतं. पांढरा प्रत्येक शॉटमध्ये असतो, म्हणून तो सगळ्यांत आधी झिजतो. जुन्या पूर्ण सेटमध्ये बहुतेक वेळा तोच सगळ्यांत हलका निघतो. अशा सेटवर शिकलेला पोरगा दुसऱ्या पार्लरमध्ये गेला की त्याचा स्क्रू अर्धाच येतो. तो पोरगा बिघडलेला नसतो.

मापं लक्षात ठेवा. स्नूकरचे बॉल ५२.५ मिलिमीटरचे, फरक चालतो तो ०.०५ पर्यंत, आणि बावीस बॉलच्या एका सेटमध्ये वजनाचा फरक ३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. अमेरिकन पूलचे ५७.१५ मिलिमीटर, वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम. ऑनलाइन पांढरा मागवताना नेमका इथंच घोळ होतो. नाणं टाकून खेळायच्या टेबलांना पांढरा बॉल बाकीच्यांपासून वेगळा काढून परत द्यावा लागतो, म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम मोठा, मुद्दाम लहान किंवा आत लोखंड घातलेला पांढरा बनवतात. मोठा असतो तो ६० मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे तुमच्या बाकीच्या बॉलपेक्षा सहाव्या हिश्शानं जड. साध्या टेबलावर तो आणू नका. कुशनची, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीची, धार बॉलच्या उंचीच्या साधारण ६३.५ टक्क्यांवर लागावी असं टेबल बसवलेलं असतं. मोठ्या बॉलला ती त्याच्या उंचीच्या मानानं खाली लागते आणि तो उडतो. पांढऱ्यावर सहा लाल ठिपके असलेला बॉल मात्र बिनधास्त घ्या. ठिपक्यांनी खेळ बदलत नाही, फिरकी डोळ्यांना दिसते. शिकणाऱ्यांना तो आम्ही आवर्जून देतो, अर्थात मापात बसत असेल तर.

पूर्वी हे बॉल हस्तिदंताचे असत. हस्तिदंत हवेतला दमटपणा ओढतो आणि आकार बदलतो. १८६९ मध्ये अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी सेल्युलॉइड आणलं, पुढं बेकलाइट आलं, आणि आजचे चांगले बॉल त्याच घराण्यातल्या फिनॉलिक रेझिनचे असतात. बेल्जियमचे अरामिथ हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक नाव. पॉलिएस्टरचे बॉल स्वस्त असतात, पण लवकर निस्तेज होतात आणि त्यांच्यावर बारीक खड्डे पडतात. घरच्या टेबलावर शनिवार-रविवार खेळायला ते पुरेत. रोज दहा तास चालणाऱ्या पार्लरला आम्ही ते देत नाही, मागितले तरी आधी दोनदा समजावतो.

आषाढात खानापूर, जांबोटीकडून तक्रार ठरलेली: "बॉल जड झालेत." फिनॉलिक बॉल पावसानं जड होत नाही. ओल धरतं ते कापड, म्हणून बॉल लवकर थांबतो. त्या दिवसांत नवा सेट घेऊ नका, खोली कोरडी ठेवा, टेबल झाकून ठेवा आणि कापडावर ब्रश फिरवा. टिपला लावायच्या खडूची ओलसर भुकटी बॉलला चिकटते आणि भिडताना तोच खडूचा ठिपका मध्ये आला की बॉल एकमेकांना धरतात. हिलाच किक म्हणतात, आणि फ्रेम, म्हणजे डाव, हातचा जातो.

मळलेल्या बॉलमध्ये घर्षण जास्त, त्यामुळं कट मारलेला बॉल थोडा जाड, म्हणजे हवा तेवढा न वळता, जातो. नजर त्याला सरावते. मग सेट धुतला की तोच शॉट पातळ बसतो, म्हणजे बॉल जास्त वळतो, आणि लोक म्हणतात, धुवून बिघडवला. चार दिवस दम धरा, नजर जागेवर येते.

धुणं सोपं आहे. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, आणि पूर्ण कोरडे करूनच टेबलावर. टूथपेस्ट, भांड्याची पावडर, तारेची घासणी अजिबात नको. गाडीचं पॉलिशही नको, बॉल नुसते घसरतात. पार्लर असेल तर आठवड्यातून एकदा तरी धुवा. आमच्याकडे नवा सेट मागायला येणाऱ्यांपैकी काहींना आम्ही त्यांचाच जुना सेट धुवून देऊन परत पाठवलंय.

झीज घरी तपासायची असेल तर पूलचे बॉल त्रिकोणात घट्ट लावा आणि वाकून उजेडाकडं बघा. बॉल एकमेकांना टेकलेले दिसायला हवेत. सगळा रॅक नीट दाबूनही दर वेळी कुठं ना कुठं फट राहत असेल तर मापं फाटलीत, आणि तुमचा ब्रेक, म्हणजे रॅक फोडायचा पहिला फटका, मेल्यासारखा का फुटतो तेही कळेल. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर करू नका, त्याला दोन-पाच ग्रॅम कळत नाहीत. ओळखीच्या सराफाला विनंती करा, नाहीतर आमच्याकडं या. वजन आणि माप आम्ही फुकट करून देतो, खरेदीची अट नाही. येताना पिशवीत सगळे बॉल घेऊन या, नुसता पांढरा नको.