ताणलेला सापळा

सांगलीतल्या एका मित्राची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या मोबाईलवरचा फोटो पाहून आजी दचकल्या. बर्फात रोवलेली कुपी, वर लेबल: ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन अल्फा-१ अँटीट्रिप्सिन, फक्त संशोधनासाठी’. “ह्यूमन? कुणाचं रक्त काढलंय गं?”

कुणाचंच नाही. माणसाचा जनुक जिवाणूत किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशीत घालतात आणि प्रथिन ती पेशी बनवते. पाककृती आपली, चूल दुसऱ्याची. औषध म्हणून रुग्णांना देतात ते मात्र दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं असतं, म्हणजे आजी अगदीच चुकल्या नव्हत्या.

शरीरात हे ३९४ अमिनो आम्लांचं प्रथिन मुख्यतः यकृतात बनतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जंतूंशी लढताना इलॅस्टेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात. ते फुफ्फुसाचे लवचीक तंतूही कुरतडतं. त्याला आवरायचं काम याचं.

आणि आवरतं कसं, हे सांगताना मला राहवत नाही. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन अवरोधक विकराच्या खाचेत नुसता बूच बसावा तसा बसतो. हा मात्र गोदामातला उंदराचा सापळा! अंगाबाहेर एक वेटोळं काढलेलं, त्यावर आमिष: ३५८ क्रमांकाचं अमिनो आम्ल, मेथिओनिन. इलॅस्टेज त्याच्या पुढचा बंध तोडतं. तोडताना ते क्षणभर तुकड्याला सहसंयुज, म्हणजे पक्क्या रासायनिक बंधानं चिकटलेलं असतं. एरवी पाण्याचा रेणू येऊन त्याला सोडवतो. इथे तेवढी सवडच नाही. तुटलेलं वेटोळं प्रथिनाच्या पाच पट्ट्यांच्या बीटा-पत्र्यात (साखळीचे भाग शेजारी शेजारी लागून बनलेल्या पत्र्यात) सहावी पट्टी म्हणून घुसतं आणि चिकटलेलं विकर सुमारे ७ नॅनोमीटर फरफटत दुसऱ्या टोकाला आदळतं. त्याचं क्रियास्थळ, म्हणजे बंध तोडणारी जागा, पिळवटून जातं. अशा अडकलेल्या जोडीची, त्यात विकर ट्रिप्सिन होतं, स्फटिकरचना २००० साली प्रसिद्ध झाली. सापळाही तिथेच संपतो; एका रेणूला एकच शिकार.

१९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी हे प्रथिन रक्तात फारच कमी असलेले रुग्ण नोंदवले. त्यांतल्या काहींना एम्फिसीमा, म्हणजे फुफ्फुसातले वायुकोश नष्ट होत जाण्याचा आजार होता. सिगारेटचा धूर तर त्या मेथिओनिनचंच ऑक्सिडीकरण करतो, म्हणजे आमिषच नासवतो. यावर ‘फुफ्फुस शुद्ध करणारे’ काढे विकणारे बरेच आहेत. हळदीच्या गावात राहून सांगतो, हळदीच्या दुधानंही ते आमिष ताजं होत नाही.

आजींचा पुढचा प्रश्न बर्फाचा होता. ताणलेली स्प्रिंग नीट जपावी लागते. तापवलं तर एका रेणूचं वेटोळं शेजारच्याच्या पत्र्यात अडकून साखळ्या होतात, आणि पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणंही प्रथिनाला मानवत नाही. म्हणून पोरीनं कुपी उघडल्याबरोबर तिचे छोटे छोटे वाटे करून फ्रीझरात टाकले.