हानोईच्या प्राध्यापिका आणि पाच वर्षांचा हिशोब

व्हिएतनाममधल्या एखाद्या सरकारी विद्यापीठात 1965 साली जन्मलेले दोन अध्यापक आहेत असं धरू. एक स्त्री, एक पुरुष. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले, दोघांना चाळिशीला डॉक्टरेट मिळाली, दोघांचं काम सारखंच चांगलं. 2020 पर्यंत लागू असलेल्या कायद्याप्रमाणे ती 55 व्या वर्षी निवृत्त होणार आणि तो 60 व्या. त्यात दुसरा नियम असा की वरच्या पदावर पहिल्यांदा नेमायचं तर पाच वर्षांची पूर्ण मुदत निवृत्तीआधी शिल्लक हवी. म्हणजे तिच्यासाठी दार 50 व्या वर्षी बंद होतं, त्याच्यासाठी 55 व्या. 2003 सालच्या सरकारी नियमावलीत तर पहिल्या नेमणुकीसाठी हेच दोन आकडे छापलेले होते.

एवढ्यावर भागत नाही. तिथे पद रिकामं झालं की अर्ज मागवले जात नाहीत. पुढच्या मुदतीत कोण कुठे बसू शकेल याची यादी आधीच तयार होते, आणि नेमणूक बहुधा त्या यादीतूनच होते. यादीत नाव लागायचं तर दार बंद होण्याच्या साधारण पाच वर्षं आधी माणूस नजरेत भरलेला असावा लागतो, तोही विभागप्रमुख, अधिष्ठाता अशा पायऱ्या चढून. डॉक्टरेट दोघांची चाळिसाव्या वर्षी, यादी तिच्यासाठी पंचेचाळिसाव्या आणि त्याच्यासाठी पन्नासाव्या वर्षी. तिच्या हाती उरतात पाच वर्षं, त्याच्या हाती दहा.

आपल्याकडे प्राध्यापक स्त्री असो की पुरुष, निवृत्तीचं वय एकच असतं, त्यामुळे हा अडसर आपल्या चटकन लक्षात येत नाही. व्हिएतनामी विद्यापीठांत स्त्रिया वरच्या पदांवर इतक्या कमी का, असा प्रश्न निघाला की पहिलं उत्तर येतं कन्फ्यूशियसचं, म्हणजे या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या शिकवणीतून आलेल्या परंपरेचं. मला ते उत्तर अपुरं वाटतं.

ते येतं का, हे मात्र समजण्यासारखं आहे. हानोईच्या, कन्फ्यूशियसला वाहिलेल्या साहित्य मंदिराची स्थापना 1070 सालची, आणि त्याच आवारात 1076 मध्ये राजघराण्याची अकादमी सुरू झाली. राजदरबारी परीक्षांतून अधिकारी निवडण्याची पद्धत 1075 पासून 1919 पर्यंत टिकली. उत्तीर्ण विद्वानांची नावं कोरलेले 82 शिलालेख आजही तिथे दगडी कासवांच्या पाठीवर उभे आहेत. या परीक्षांना स्त्रियांना बसता येत नसे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या न्गुयेन थी दुए यांनी पुरुषाचा वेष घेऊन परीक्षा दिली आणि पहिला क्रमांक काढला, अशी परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. लग्नाआधी वडिलांच्या, लग्नानंतर नवऱ्याच्या आणि त्याच्यामागे मुलाच्या आज्ञेत राहावं ही शिकवण शतकानुशतकं मुलींच्या कानावर पडत आली. मनुस्मृतीतलं असंच एक वचन ज्याने ऐकलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण दुसरीही बाजू आहे. 1946 च्या पहिल्याच राज्यघटनेने स्त्रीपुरुषांना सर्व बाबतींत समान हक्क दिले. 1973 च्या पॅरिस शांतता करारावर दक्षिणेतल्या हंगामी क्रांतिकारी सरकारच्या वतीने सही करणाऱ्या न्गुयेन थी बिन्ह पुढे 1976 ते 1987 अशी अकरा वर्षं देशाच्या शिक्षणमंत्री होत्या. हानोईच्या वाणिज्य विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या न्गुयेन थी दोआन 2007 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. काम करण्याच्या वयाच्या दर दहा स्त्रियांमागे साधारण सात जणी श्रमबाजारात आहेत. हे प्रमाण भारतापेक्षा कितीतरी वरचं आहे. 2021 मध्ये निवडून आलेल्या राष्ट्रीय सभेत 499 पैकी 151 स्त्रिया होत्या. विद्यापीठांतही अध्यापकांमध्ये स्त्रिया जवळपास निम्म्या आहेत. कन्फ्यूशियसच्या शिकवणीने स्त्रियांना वर्गात, शेतात, कारखान्यात आणि युद्धातही अडवलं नाही. मग ती नेमकी कुलगुरूंच्या दालनाबाहेरच कशी अडवते?

वरच्या पायरीकडे जावं तसतसं चित्र पालटतं. सहयोगी प्राध्यापकांत स्त्रिया बऱ्याच कमी, पूर्ण प्राध्यापकांत दहामागे जेमतेम एक. प्रशासनात स्त्री दिसते ती बहुधा ‘उप’ लागलेल्या पदावर. अभ्यासक याला गळकी नळी म्हणतात, कारण शिरताना पाणी भरपूर असतं आणि टोकाला थेंब येतात. ही उपमा मला पुरेशी वाटत नाही. गळती आपोआप होते, इथे मात्र ठरावीक वयाला ठरावीक नियम लागू होतो.

निवृत्तीच्या वयातला हा फरक सोव्हिएत पठडीतला. तिथेही स्त्रिया 55 ला आणि पुरुष 60 ला निवृत्त होत. बाई घर आणि कारखाना अशी दुहेरी पाळी करते, तिला लवकर विसावा मिळावा, हा हेतू होता. अंगमेहनतीच्या कामात तो रास्तच होता. पण संशोधन-अध्यापनात माणूस पन्नाशीत ऐन भरात असतो. तिथे हीच सवलत बाईच्या हातून ऐन कर्तृत्वाची वर्षं काढून घेते. डॉक्टरेट असलेल्यांना पाच, सहयोगी प्राध्यापकांना सात आणि प्राध्यापकांना दहा वर्षांपर्यंत जास्त काम करण्याची मुभा 2013 च्या एका सरकारी आदेशाने दिली. मात्र ही वाढीव वर्षं शिकवण्याची आणि संशोधनाची, पदावर बसण्याची नाहीत. त्यामुळे ती वर्गात राहिली तरी यादीतून गेलीच.

आणि तिच्या वाट्याला येणारी ती पाच वर्षं कोणती? चाळीस ते पंचेचाळीस. मुलं शाळेत, सासूसासरे थकलेले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2021 मध्ये व्हिएतनामच्या श्रमबाजारावर अहवाल काढला. त्यानुसार घरकामात स्त्रियांचे आठवड्याला सरासरी 20.2 तास जातात, पुरुषांचे 10.7, आणि जवळपास एक पंचमांश पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत. पहिल्या बाळंतपणाची रजा सहा महिने आहे, ही खरोखर चांगली तरतूद आहे. बापाला त्या वेळी, बाळंतपण साधं असेल तर, मिळतात पाच दिवस. 1988 पासून 2025 पर्यंत दोन अपत्यांचं धोरण होतं आणि तिसरं मूल झालं तर सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यांवर कारवाई होई. त्याचवेळी मुलगाच हवा ही ओढही जबर. 2019 च्या जनगणनेत दर 100 मुलींमागे 111.5 मुलगे जन्मत होते. पहिली मुलगी झालेल्या प्राध्यापिकेवर दुसऱ्या वेळी घरातून किती ताण येत असेल, हे कुठल्याच पदोन्नतीच्या कागदावर उतरत नाही.

1989 पासून तिथल्या कामगार महासंघाची एक मोहीम चालत आली आहे. देशाच्या कामात तरबेज आणि घरच्या कामात कुशल अशा स्त्रियांचा त्यात गौरव होतो. गौरव मनापासून होतो, यात शंका नाही. पण अशी दुहेरी कसोटी पुरुष सहकाऱ्यांना लावली जात नाही. त्याने घर सांभाळलं नाही म्हणून त्याची अधिष्ठातापदाची पात्रता कमी होत नाही, तिची होते.

त्यात डॉक्टरेटची भर. 2010 मध्ये सरकारने सुमारे 20 हजार नवे डॉक्टरेटधारक अध्यापक घडवण्याची योजना आखली. त्यांतल्या निम्म्यांनी परदेशी शिकावं अशी अपेक्षा होती. तीन-चार वर्षं ऑस्ट्रेलियात किंवा फ्रान्समध्ये काढायची तर लहान मूल आजीकडे ठेवा नाहीतर बरोबर न्या. जिची आई किंवा सासू उभी राहिली ती गेली, बाकीच्यांनी मुलं मोठी होईपर्यंत थांबायचं ठरवलं. प्रत्येक थांबलेलं वर्ष त्या पाच वर्षांतून वजा होतं. 2018 नंतर प्राध्यापकपदासाठी आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत लेख छापून येणंही सक्तीचं झालं. असे लेख लिहायला सलग, निवांत वेळ लागतो, आणि तिच्याकडे तोच नसतो.

कागदावर नसलेली एक वाटही आहे. सरकारी संस्थेत नेमणुकीआधी पाच टप्प्यांची प्रक्रिया असते आणि त्यात सहकाऱ्यांची गुप्त मतंही घेतली जातात. मतं ओळखीवर पडतात आणि ओळखी वाढतात संध्याकाळी, बिअर आणि तांदळाच्या दारूच्या बैठकीत. तिथे बसणारा पुरुष मनमिळाऊ ठरतो. बसणाऱ्या बाईबद्दल कुजबुज होते, आणि न बसणारी बाई फटकून वागणारी ठरते. मानसशास्त्रात याला पाठबळ देणारं जुनं काम आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया शाइन यांनी 1973 मध्ये दाखवलं की चांगल्या व्यवस्थापकाचं वर्णन करायला सांगितलं की लोक पुरुषाला लावतात तीच विशेषणं वापरतात. 2002 मध्ये अ‍ॅलिस ईगली आणि स्टीव्हन काराउ यांनी त्यापुढची मांडणी केली. नेता कणखर हवा आणि बाई मृदू हवी अशी समजूत असली की मृदू बाई नेता म्हणून कमी पडते आणि कणखर बाई बाई म्हणून. दोन्हीकडून तिचे गुण कापले जातात. व्हिएतनाममध्ये ही समजूत दारामागे गुप्त मतपत्रिकेत उतरते.

व्हिएतनाममधल्या महिला अधिष्ठात्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन मोठे अडथळे पुढे आले: कुटुंबाच्या जबाबदाऱ्या, स्त्री नेत्यांविषयीचे प्रतिकूल समज, आणि खुद्द अध्यापिकांची व्यवस्थापनात शिरण्याची अनिच्छा. हा तिसरा मुद्दा सगळ्यांत जास्त वापरला जातो. ‘आम्ही तयार आहोत हो, बायकाच नको म्हणतात.’ हे वाक्य ऐकून माझा संताप होतो, कारण ते अर्धंच खरं आहे. अमर्त्य सेन यांनी वंचितांच्या इच्छांबद्दल एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. जे मिळण्याची शक्यता दिसत नाही, ते मागायचंच माणूस सोडून देतो. मग त्याची इच्छा मोजून त्याची परिस्थिती कळत नाही. त्या प्राध्यापिकेने हिशोब केलेला असतो. हातात पाच वर्षं, घरात वीस तास, पदाचा भत्ता तुटपुंजा, बैठका संध्याकाळच्या, आणि शेवटी यादीत नाव येईलच याची खात्री नाही. अशा हिशोबानंतर ‘नको’ म्हणणं शहाणपणाचं आहे. त्या नकाराला तिची आवड समजणं हे वाईट विज्ञान आहे.

होआंग सुआन सिन्ह यांची गोष्ट याच कारणासाठी मला महत्त्वाची वाटते. 1933 साली जन्मलेल्या या गणितज्ञ फ्रान्समध्ये शिकून 1960 मध्ये हानोईला परतल्या. 1967 च्या नोव्हेंबरमध्ये अलेक्झांडर ग्रोथेंडीक हे विसाव्या शतकातले थोर गणितज्ञ युद्ध चालू असतानाच व्हिएतनामला आले. बॉम्बहल्ल्यांमुळे विद्यापीठ जंगलात हलवलं होतं आणि व्याख्यानं तिथेच झाली. सिन्ह यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध घेतला. दिवसा शिकवायचं, रात्री रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात लिहायचं. मार्गदर्शकाशी संबंध मोजक्या पत्रांपुरता. हाताने लिहिलेला तो प्रबंध त्यांनी 1975 मध्ये पॅरिसला मांडला. आज उच्च बीजगणितात ज्याला महत्त्व आहे, त्या एका संकल्पनेची पायाभरणी त्यात आहे. देशातल्या गणिताच्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. 1988 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह थांग लाँग हे देशातलं पहिलं बिगरसरकारी विद्यापीठ उभारलं. तेव्हा त्यांचं वय होतं 55. सरकारी कायदा ज्या वयाला स्त्रीला घरी पाठवत होता, त्या वयात त्यांनी एक संस्था सुरू केली आणि पुढे अनेक वर्षं तिची धुरा वाहिली. पन्नाशीनंतर बाईच्या हातून काय घडू शकतं, याचा याहून सज्जड पुरावा कुठला हवा?

कायदे झाले नाहीत असं नाही. 2006 मध्ये लिंगसमानता कायदा मंजूर झाला. 2007 च्या पक्षाच्या ठरावाने सांगितलं की जिथे 30 टक्के किंवा त्याहून अधिक कर्मचारी स्त्रिया आहेत तिथे प्रमुख नेतृत्वात स्त्री असलीच पाहिजे. ठराव चांगला, पण त्यात एक फट आहे. एक बाई आली की अट पुरी होते, आणि बहुतेकदा ती एक उपपदावरच येते. 2021 च्या राष्ट्रीय धोरणात 2030 पर्यंत डॉक्टरेटधारकांत 35 टक्के स्त्रिया असाव्यात असं लक्ष्य आहे. शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये पक्षाने ठरवलं की सरकारी शिक्षणसंस्थांत विद्यापीठ परिषद नको, पक्षसमितीचा सचिवच संस्थाप्रमुख असावा. म्हणजे कुलगुरू व्हायचं तर आता पक्षातली शिडीही तितकीच उंच चढावी लागणार, आणि ती चढायलाही संध्याकाळचाच वेळ लागतो.

सगळ्यांत मोठा बदल मात्र श्रमसंहितेने केला. 2021 पासून निवृत्तीचं वय पुरुषांसाठी दरवर्षी तीन महिन्यांनी आणि स्त्रियांसाठी चार महिन्यांनी वाढतंय. पुरुष 2028 मध्ये 62 ला पोहोचतील, स्त्रिया 2035 मध्ये 60 ला. गणित करून पाहिलं की एक गोष्ट दिसते. दोघांचंही वय वाढत असल्याने सुरुवातीला अंतर वर्षाला एकाच महिन्याने घटतं. 2020 मध्ये ते 60 महिने होतं. 2026 मध्ये, पुरुष 61 वर्षं 6 महिने आणि स्त्रिया 57 वर्षं असताना, ते 54 महिने आहे. 2028 मध्ये 52. त्यानंतर पुरुषांची वाढ थांबते आणि अंतर दरवर्षी चार महिन्यांनी कमी होत 2035 ला 24 महिन्यांवर येतं. खरा फरक दिसायचाय तो पुढेच.

1975 च्या उत्तरार्धात जन्मलेली प्राध्यापिका 60 व्या वर्षी निवृत्त होईल. तिला 55 व्या वर्षापर्यंत, म्हणजे 2030 पर्यंत, पहिल्यांदा पदावर नेमता येईल. तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या प्राध्यापिकेला ही मुभा 2015 लाच संपली होती. समाजशास्त्राला असा नैसर्गिक प्रयोग क्वचित मिळतो: तोच देश, तेच विद्यापीठ, तीच घरं, बदललाय तो फक्त वयाचा नियम. पुढच्या मुदतीच्या याद्या आता तयार होत आहेत. त्यांत पन्नाशी ओलांडलेल्या किती स्त्रिया आहेत, त्यांतल्या किती ‘उप’शिवायच्या पदांसाठी आहेत, आणि ज्यांना विचारलं गेलं त्यांतल्या किती जणींनी या वेळी होकार दिला, हे तीन आकडे विद्यापीठांनी दरवर्षी उघड करायला हवेत. तिसरा आकडा वाढला, तर अनिच्छेचं कारण सापडलं असं समजता येईल. वाढला नाही, तर घरातले वीस तास आणि संध्याकाळच्या बैठका यांच्याकडे वळावं लागेल.