बेस फझ

बेस गिटारचा विद्युत् संकेत प्रमाणाबाहेर वाढवून छाटला, की मूळचा गोलसर तरंग जवळजवळ चौकोनी होतो आणि स्वराला दाट, खरखरीत, करवतीसारखी धार येते. या परिणामाला, तसेच तो देणाऱ्या व पायाने चालू-बंद करायच्या पेडललाही, बेस फझ म्हणतात. इंग्रजीत फझ म्हणजे लव किंवा केसाळ थर. स्वराभोवती असा थर चढल्यासारखे वाटते म्हणून हे नाव रूढ झाले. ओव्हरड्राइव्ह या सौम्य विकृतीहून हा प्रकार वेगळा आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये तरंगाचे माथे हळूहळू दबतात व बोटांचा कमी-जास्त जोर श्रोत्यापर्यंत पोचतो. फझमध्ये तार हलकी छेडली तरी तरंग पुरता छाटला जातो. मोटरहेड या बँडचे लेमी यांच्या स्वराला अनेकदा फझ म्हटले जाते; तो मुख्यतः मार्शल अँप्लिफायर पुरेपूर चढवून मिळवलेला असल्याने काटेकोर अर्थाने येथे येत नाही.

उगम : फझ गिटारसाठी जन्मले व बेसवादकांनी ते पुढे उसने घेतले, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हे विधान तपासून घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलच्या एका वाहिनीत बिघाड झाला. बहुतेक वृत्तांतांत ट्रान्सफॉर्मर निकामी झाल्याचे सांगितले आहे. त्या वाहिनीतून जाणारा वादक ग्रेडी मार्टिन यांचा वादनाचा तुकडा फाटून, गुरगुरत बाहेर पडला आणि तो तसाच ठेवण्यात आला. गाणे १९६१ च्या आरंभी प्रसिद्ध झाले; मुद्रण १९६० च्या अखेरीस किंवा १९६१ च्या अगदी प्रारंभी झाले असावे.

मार्टिन यांच्या हातात त्या वेळी नेहमीची गिटार नव्हती, सहा तारांची बेस होती. हे वाद्य गिटारच्या एक सप्तक खाली लावतात आणि त्याच्या खालच्या चार तारांचे स्वर चारतारी बेसच्या तारांशी जुळतात. एका मतानुसार हे वाद्य त्या काळी गिटारवादकच वाजवत व तुकडाही एकलवादनाचा आहे, म्हणून त्याची गणना गिटारमध्ये व्हावी. दुसरे मत स्वरांच्या पल्ल्याला महत्त्व देते. पल्ल्याने बेस आणि भूमिकेने गिटार असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. मात्र त्यामुळे बेस फझला गिटार फझची धाकटी पाती मानण्याचे कारण उरत नाही.

ध्वनिमुद्रणतज्ज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी पुढे रेव्हिस हॉब्ज यांच्यासह हा आवाज ट्रान्झिस्टरच्या मंडलातून मुद्दाम निर्माण केला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये तो ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आणला. त्यात जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर होते व जाहिरातीत भर होता तो पितळी आणि फुंकवाद्यांची नक्कल करण्यावर. त्याच सुमारास कंपनीने फझचे मंडल आतच बसवलेली ‘ईबी-०एफ’ ही बेस काढली, म्हणजे बेसवादक हा या शोधाचा अगदी पहिल्यापासूनचा ग्राहक होता. खप सुरुवातीला बेताचाच राहिला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिसफॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्स यांच्या गिटारवर फझ-टोन ऐकू आला आणि मागणी एकाएकी वाढली.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी बीटल्सनी ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ मुद्रित केले. त्यातील पॉल मॅकार्टनी यांचे फझ बेसवादन कोणत्या यंत्रातून आले यावर मतभेद आहेत. काही अभ्यासक गॅरी हर्स्ट यांनी लंडनमध्ये तयार केलेल्या टोन बेंडर या फझ पेडलचे नाव घेतात, तर काही ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या अभियंत्यांनी स्टुडिओतच बनवलेल्या यंत्राचे. याहून महत्त्वाचे हे, की त्या गाण्यात दोन बेस आहेत. एक नेहमीचा, स्वच्छ. दुसरा त्यावर वेगळा मुद्रित केलेला, फझचा. तळ एकाने धरला आणि धार दुसऱ्याने दिली. बेस फझच्या पुढच्या साठ वर्षांतील निम्मे तंत्रज्ञान ही दोन वादनांची युक्ती एका डबीत बसवण्यासाठी राबले आहे.

तळ का हरवतो : फझ लावताच बेसचा तळ नाहीसा होतो ही जुनी तक्रार आहे आणि खरीही आहे. तिचे प्रचलित स्पष्टीकरण मात्र अपुरे आहे. ‘छाटणीत खालचे स्वर कापले जातात’ असे सांगितले जाते. गणित तसे सांगत नाही. शुद्ध चौकोनी तरंगाची सुमारे ८१ टक्के ऊर्जा मूळ कंप्रतेतच असते, तिसऱ्या हार्मोनिकमध्ये, म्हणजे तिप्पट कंप्रतेच्या घटकात, सुमारे ९ टक्के, आणि बाकीची त्यापुढच्या विषम हार्मोनिकांत विभागलेली. खुल्या ई तारेची कंप्रता ४१.२ हर्ट्‌झ. ती छाटल्यावर १२३.६, २०६ असे नवे घटक वर चढतात, पण ४१.२ जागेवर राहतो. नुसत्या छाटणीने तळ जात नाही.

तो जातो तो प्रथम कपॅसिटरांत. मंडलाच्या दोन टप्प्यांमधील कपॅसिटर व पुढचा रोध मिळून एक गाळणी तयार होते आणि ती ठरावीक कंप्रतेखालचे स्वर अडवते. ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व १०० किलोओहमचा रोध असेल तर ही सीमा १५९ हर्ट्‌झवर येते व खुल्या ई तारेच्या मूळ घटकाची उंची सुमारे एक चतुर्थांश उरते. कपॅसिटर दहापट मोठा घातला, की सीमा १६ हर्ट्‌झपर्यंत उतरते आणि तो घटक जवळजवळ शाबूत राहतो. गिटारचा फझ बेसयोग्य करण्यासाठी कारागीर बहुधा सर्वांत आधी हाच भाग बदलतात. असे दोन-चार भाग सोडले तर कित्येक ‘खास बेससाठी’ म्हणून मिळणाऱ्या पेडलांचे मंडल गिटारच्या पेडलासारखेच असते.

दुसरे कारण आघात सपाट होण्याचे. स्वच्छ बेसच्या प्रत्येक स्वराच्या आरंभी क्षणभर उंच टोक असते. ड्रमच्या ठोक्याशी बेस बांधली जाते ती त्या टोकाने. फझमध्ये टोक आणि शेपूट एकाच उंचीचे होतात. स्वर मोजमापाने मोठाच असतो, पण त्याची सुरुवात कानाला सापडत नाही. तिसरे कारण वादक स्वतः घडवतो. माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्‌झच्या टापूत सर्वाधिक तीक्ष्ण असतो. फझने त्या टापूत नवे घटक भरले, की आवाज फार मोठा वाटतो, वादक व्हॉल्यूम खाली आणतो आणि त्याबरोबर तळही खाली जातो. प्रत्यक्ष वादनात हे कारण बाकीच्यांहून भारी ठरते, असे दिसते.

घराणी : फझ-टोन व टोन बेंडर यांचा आवाज माशीच्या भणभणाटासारखा, कोरडा, बेसवर ती तळाला पातळ पडतात. १९६६ मध्ये इंग्लंडातील आर्बिटर कंपनीने आणलेल्या फझ फेसमध्ये दोनच ट्रान्झिस्टर आहेत. संकेत आत घेणाऱ्या टोकाचा त्याचा रोध फार कमी असल्याने वाद्याचा पिकअप (तारेचे कंपन विद्युत् संकेतात बदलणारा भाग) त्या मंडलाचाच भाग होऊन बसतो: व्हॉल्यूमचा नॉब थोडा मागे घेतला, की फझ विरळ होते. बॅटरीवर चालणाऱ्या अॅक्टिव्ह बेसला किंवा आधी बफर (वाद्य व पेडल यांना एकमेकांपासून अलग ठेवणारे मंडल) असलेल्या जोडणीला हा लाभ मिळत नाही. स्वर टोचू लागतो व नॉब निरुपयोगी ठरतो. अॅक्टिव्ह बेस असणाऱ्याने या घराण्यातील पेडल स्वतःच्या वाद्यावर वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे बिग मफ १९६९ च्या सुमाराचे. चार ट्रान्झिस्टरांपैकी मधले दोन डायोडांच्या साह्याने तरंग छाटतात. त्यानंतरचा टोन नॉब खालचे आणि वरचे स्वर ठेवून १ किलोहर्ट्‌झच्या आसपासचे मधले दाबतो. एकटे वाजवताना हा आवाज भव्य वाटतो. गिटार व झांजा सुरू झाल्या, की नेमक्या त्या मधल्या पोकळीत बेस बुडते. १९९० च्या दशकात रशियात बनून सोव्हटेक नावाने आलेली पेडले, विशेषतः हिरव्या डब्याची, बेसवादकांना अधिक मानवली, कारण त्यांचा तळ भरीव होता. मात्र सुट्या भागांच्या मूल्यांत फरक असल्याने एकाच नमुन्याचे दोन नगही सारखे वाजतील असे नाही. मेटॅलिकाचे क्लिफ बर्टन यांचे बिग मफ आणि वाह पेडल लावून केलेले १९८३ चे एकल बेसवादन या घराण्याचे ठळक उदाहरण मानतात.

सुपर-फझसारख्या पेडलांत तरंगाचा खालचा अर्धा भाग उलटून वर घेतला जातो. त्यामुळे कंप्रता दुप्पट होते आणि मूळ स्वराच्या वर एक सप्तक ऐकू येते. याच तत्त्वावरचे माएस्ट्रोचे बेस ब्रासमास्टर १९७० च्या दशकाच्या आरंभी आले. त्यात स्वच्छ बेसचा व फझचा व्हॉल्यूम वेगवेगळा ठेवला होता; येस या बँडचे क्रिस स्क्वायर यांनी ते वापरले. झेड-व्हेक्स कंपनीच्या वूली मॅमथ या पेडलमध्ये ट्रान्झिस्टरला मुद्दाम अपुरा पुरवठा देता येतो. खुली ई तार छेडून विझू द्यावी: स्वर एका उंचीवर ताठ चालतो, मग चिरफाळतो, दोन-तीनदा फुटतो आणि एकदम थांबतो. मागे खरखरही राहत नाही. तुटक तालाला हे उत्तम; लांब स्वरांना अजिबात नाही.

स्लाय अँड द फॅमिली स्टोनचे लॅरी ग्रॅहम, सॉफ्ट मशीनचे ह्यू हॉपर आणि म्यूझचे क्रिस वोल्स्टनहोम ही नावे फझ बेसच्या संदर्भात वारंवार येतात.

निवड आणि तुलना : दोन पेडलांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घेणे ही पहिली अट आहे. किंचित मोठा वाजणारा नेहमी चांगला भासतो. बहुतेक चुकीच्या खरेद्या येथेच होतात. शक्य असल्यास फझविना केलेले एकच वादन मुद्रित करून तेच प्रत्येक पेडलातून सोडावे, म्हणजे हाताचा फरक बाजूला राहतो. खालची तार, बाराव्या पट्टीवरचा स्वर व एक पंचमाची जोडी, एवढे ऐकले तरी बरेच कळते. खुल्या ई तारेबरोबर तिचा पंचम (६१.७ हर्ट्‌झ) छेडला, की फझमधून दोहोंच्या फरकाचा २०.५ हर्ट्‌झचा घटक निर्माण होतो. तो ऐकू येण्यापेक्षा थरथर म्हणून जाणवतो आणि काही पेडलांत सारा स्वर चिखल होतो. पाचव्या बी तारेवर (३०.९ हर्ट्‌झ) ही परीक्षा अधिकच कठोर होते. एकट्याने ऐकून दिलेला निकाल ग्राह्य धरू नये. ड्रमसह वाजवताना स्वराची सुरुवात ऐकू येते की नाही, हाच निकष.

स्वच्छ स्वर मिसळण्याचा नॉब असलेले पेडल बेससाठी जवळजवळ नेहमीच अधिक उपयोगी पडते. त्यात एक खोच आहे. ट्रान्झिस्टरचा नेहमीचा प्रवर्धक टप्पा तरंग उलटा करतो. टप्प्यांची संख्या विषम असेल तर उलटा फझ आणि सुलटा स्वच्छ स्वर तळाशी एकमेकांना खोडतात. नॉब मधोमध आणताच आवाज पोकळ झाला तर शंका हीच घ्यावी. काही आधुनिक पेडलांत खालचे स्वर गाळून स्वच्छ ठेवतात व फक्त वरच्या भागाला फझ देतात. याने तळ पक्का राहतो, पण दोन वेगळी वाद्ये वाजत असल्याचा भास होऊ शकतो.

स्पीकरचा परिणाम पेडलाइतकाच मोठा असतो. गिटारच्या स्पीकरची झेप साधारण ५ किलोहर्ट्‌झनंतर ओसरते, तर ट्वीटर (उंच स्वरांसाठीचा छोटा स्पीकर) असलेला बेस कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, त्याही वरची किरकिर पुढे पोचवतो. तेच फझ दोन ठिकाणी वेगळे वाटते ते यामुळे; ट्वीटर बंद करून पाहावा. कॅबिनेट टाळून थेट मुद्रण करताना स्पीकरची नक्कल करणारी गाळणी लावणे श्रेयस्कर.

वीजपुरवठा : बहुतेक पेडले ९ व्होल्टवर चालतात. जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवे असल्याने गरम मंचावर आवाज बदलतो. सिलिकॉनच्या पेडलांत हा दोष नगण्य. जुन्या धाटणीच्या अनेक जर्मेनियम पेडलांत धन टोक जमिनीशी जोडलेले असते. अशा पेडलाला इतरांच्या सामाईक अडॅप्टरवर लावल्यास शॉर्ट होते. त्याला स्वतंत्र पुरवठा किंवा बॅटरी द्यावी.