"तुमच्या मावशी आईला नीट भरवत नाहीत" असा फोन करण्याआधी हे वाचा

आम्ही घरी पेशंटची देखभाल करणाऱ्या मावशी पाठवतो. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या घरून आम्हाला सगळ्यात जास्त हाच फोन येतो. "अर्धी वाटीसुद्धा पोटात जात नाही, दुसरी बाई पाठवा." आम्ही दुसरी पाठवतो, तिला पेशंटच्या सवयी कळेपर्यंत दिवस जातात, पेशंट नवीन चेहऱ्याला बिचकतात आणि खाणं होतं त्याहून कमी होतं. म्हणून हे छापून देतोय. रविवारी भेटायला येणाऱ्या नातेवाईकांनाही वाचायला द्या, सगळ्यात जास्त आग्रह त्यांचाच असतो.

माणूस अंथरुणाला खिळला, बोलणं चार-सहा शब्दांवर आलं, मान सावरत नाही, अशा वेळी गिळण्याची क्रियासुद्धा बिघडते. घास गालात धरून ठेवतात, नुसते चावत राहतात, पाणी प्यायलं की ठसका लागतो किंवा आवाज घोगरा, ओला येतो. तेव्हा गाल दाबून, दातांत चमचा सारून भरवलं तर अन्न श्वासनळीत जाऊ शकतं, मग ताप, धाप, छातीत घरघर आणि न्यूमोनिया. या आजारात बऱ्याच जणांचा शेवट न्यूमोनियाने होतो. म्हणून आमच्या मावशी तोंड मिटलं की थांबतात. तो कामचुकारपणा नाही, तसंच शिकवलेलं आहे आणि ते आम्ही बदलणार नाही.

भरवायचं कसं तर पाठीला उशा लावून जवळजवळ सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळलाय हे बघूनच पुढचा. झोपवून कधीच नाही, आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास बसतंच ठेवायचं. मऊ भात-वरण, नाचणीचं सत्त्व, घट्ट पेज हे पाण्यापेक्षा सहज गिळलं जातं, पातळ पाणी सगळ्यात जास्त दगा देतं हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. झोपेत असतील तर जेवणाची वेळ झाली म्हणून उठवू नका. गोळ्या कुटून द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, सगळ्या कुटून चालत नाहीत, आणि काही आता बंदही करता येतील.

"मग नाकातून नळी घाला ना" हे पुढचं वाक्य असतं. निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा, पण एवढं माहिती असू द्या की डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. शिवाय पेशंट नळी ओढतात, मग हात बांधायची वेळ येते, ते बघवत नाही. आजार अजून सुरुवातीला असेल, स्वतःचं स्वतःला नीट कळत असेल, तर त्यांची इच्छा आत्ताच लिहून घ्या. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये उपचारांबद्दलच्या अशा इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली आणि 2023 मध्ये ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

शेवटच्या दिवसांत शरीराची गरजच कमी होते, भूक-तहान मंदावते. आपण उपाशी मारतोय असं कृपा करून मनात आणू नका. तोंड कोरडं पडतं त्याचा त्रास मात्र होतो, म्हणून आमच्या मावशी ओल्या गॉजने तोंड पुसतात, ओठांना व्हॅसलिन लावतात. गंगाजल द्यायचं असेल तर जरूर द्या, पण चमच्याने घशात ओतू नका, ओला कापूस ओठांना लावा. दर दोन तासांनी कूस बदलणं, एअर बेड, डायपर हे आमच्याकडे ठरलेलंच आहे. दुखतंय हे पेशंट सांगू शकत नाही, कपाळाला आठ्या, कण्हणं, कूस बदलताना हात झटकणं हे आम्ही रोजच्या चार्टवर लिहितो, तो चार्ट डॉक्टरांना दाखवा, वेदनेवर औषध मागायला संकोच करू नका.

एक काम तुम्हीच करायचं आहे. फॅमिली डॉक्टरांना नियमित घरी बोलवा आणि अखेर घरीच होऊ द्यायची आहे हे आधीच स्पष्ट बोलून ठेवा. घरी मृत्यू झाला तर कारणाचं सर्टिफिकेट, फॉर्म 4अ, शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर देतात. कितीतरी दिवस कुणी डॉक्टर आलेलेच नसतील तर सही कोण करणार, मग रात्री बॉडी घेऊन हॉस्पिटलला धावा, कधी पोलीस, कधी पोस्टमॉर्टेम. त्या डॉक्टरांचा नंबर आणि आधार कार्डाची झेरॉक्स चार्टच्या फाइलमध्येच ठेवा.

काम सुरू करण्याआधी आम्ही घरी येऊन भरवण्याची पद्धत सगळ्यांना करून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. शक्यतो सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिवसाच्या आणि रात्रीच्या त्याच दोन मावशी ठेवतो. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले असतील आणि पेशंट मध्येच गेले तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत देतो, ते मागायला फोन करावा लागत नाही.