बांधणी (रेशमी)

बांधणी : कापडाचे बारीक चिमटे दोऱ्याने आवळून ते रंगात बुडवायचे आणि आवळलेली जागा कोरी राखून ठिपक्यांची नक्षी उठवायची, अशी हस्तकला. गुजरातेत जामनगर, भुज, मांडवी आणि राजस्थानात जोधपूर, जयपूर, सीकर ही तिची प्रमुख केंद्रे. कच्छ-सौराष्ट्रात हा व्यवसाय मुख्यतः खत्री समाजाकडे आहे. बांधणी सुती मलमलीवरही होते. येथे तलम रेशमावरील कामाचाच विचार केला आहे.

उगम : या कलेची सुरुवात सिंधू संस्कृतीपर्यंत मागे नेण्याचा प्रघात आहे, पण त्याला आधार पुरेसा नाही. मोहेंजोदडो येथे मंजिष्ठेने रंगवलेल्या सुती कापडाचा अवशेष मिळाला. त्यावरून रंगविद्या सिद्ध होते, बांधून रंगवणे नव्हे. अजिंठ्याच्या लेणी क्र. १ मधील ठिपकेदार चोळ्यांचा दाखला त्याहून अधिक वेळा दिला जातो. हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील की त्यानंतरचे, याविषयी मतभेद आहेत. शिवाय भित्तिचित्रात फक्त ठिपका दिसतो; तो बांधून, छापून की मेण लावून उठवला, हे चित्रावरून ठरवता येत नाही. म्हणून हा पुरावा शक्यतेपुरताच धरावा.

त्या मानाने बाणभट्टाच्या हर्षचरितातील (सातवे शतक) हर्षाची बहीण राज्यश्री हिच्या विवाहाचे वर्णन भक्कम वाटते. नाना प्रकारची नक्षी काढण्यात निपुण अशा नगरातील वृद्ध स्त्रिया वस्त्रे बांधत आहेत, काही बांधून झाली आहेत, रंगारी ती रंगवत आहेत, असा क्रम तेथे आहे. संस्कृत साहित्य व भारतीय कलेचे अभ्यासक वासुदेवशरण अग्रवाल यांनी याचा अर्थ बांधणी असाच लावला असून तो ग्राह्य वाटतो. त्याच प्रसंगातली वस्त्रे श्वासाने उडतील, केवळ स्पर्शाने ओळखू येतील इतकी झिरझिरीत सांगितली आहेत, हेही महत्त्वाचे. चीनच्या तुर्फान भागातील अस्ताना येथील थडग्यांतही बांधून रंगवलेले रेशमी तुकडे मिळाले आहेत, त्यामुळे उगम भारतीय की चिनी असा वाद होतो. मात्र पेरूमध्ये वारी संस्कृतीच्या काळात, म्हणजे युरोपीय संपर्काच्या कित्येक शतके आधी, लोकरी कापडावर हेच तंत्र वापरले जात होते. ते पाहता ही युक्ती अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असावी.

तंत्र : तलमपणा ही येथे केवळ हौस नाही, ती तांत्रिक गरज आहे. कापडाची सहसा चौपदरी घडी घालून सर्व पदर एकदम बांधतात. नक्षी चारही भागांत सारखी उतरते आणि श्रम वाचतात. रंग आतल्या पदरापर्यंत पोहोचायचा तर वीण विरळ व सूत बारीक हवे. म्हणून जॉर्जेट आणि शिफॉन हातांना मानवतात. गजी हे साटिन विणीचे रेशीम जाडसर असते, त्यामुळे ते बांधताना कस लागतो.

भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावरून धुऊन जाणाऱ्या रंगाने नक्षीचे ठिपके उमटवतात. बांधण्याचे काम बहुधा स्त्रिया घरी करतात. करंगळीच्या वाढवलेल्या नखाने ठिपका खालून वर उचलायचा, त्याच्या टोकाभोवती दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि दोरा न तोडता पुढच्या ठिपक्याकडे जायचे. राजस्थानात नखाऐवजी टोकदार अंगठीही वापरतात. आधी बांधलेले ठिपके पांढरे राहतात. कापड पिवळ्या रंगातून काढल्यावर आणखी ठिपके बांधतात, ते पिवळे राहतात. मग लाल आणि शेवटी गडद तपकिरी वा काळा, असा फिक्याकडून गडदाकडे क्रम असतो. रेशमाला आम्लरंग (आम्लयुक्त पाण्यात चढणारे रंग) चढवताना पाणी गरम लागते. गाठ जरा सैल असली तरी रंग आत शिरतो आणि ठिपका विरतो. इतके कसब अंगी असणाऱ्या या स्त्रियांची नावे संग्रहालयांतील नोंदींत क्वचितच आढळतात, ही मोठी उणीव आहे.

लहेरिया हा राजस्थानी प्रकार तलमपणावर आणखी अवलंबून आहे. कापड तिरके गुंडाळून दोरीसारखे करतात व अंतराअंतरावर बांधतात. रंग संपूर्ण गुंडाळी भेदून जावा लागतो. उलट दिशेने पुन्हा गुंडाळून बांधले की चौकडी पडते, तिला मोठडा म्हणतात.

वापर व व्यापार : गुजराती वधूचे घरचोळे (लग्नातील साडी) जरीच्या चौकटींत विभागलेले असते, बारा चौकटींचे बारबाग, बावन्नचे बावनबाग. बंगालमधील बांधून रंगवलेले रेशमी रुमाल अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीमार्फत मोठ्या प्रमाणावर युरोपात जात. एकोणिसाव्या शतकात ग्लासगो येथे त्यांची नक्कल सुती कापडावर निघाली : लाल रंगवलेली कापडे भोके असलेल्या शिशाच्या पत्र्यांत दाबून भोकांतून विरंजक (रंग उडवणारा) द्रव सोडत. आज ती जागा स्क्रीन छपाईने घेतली आहे. अस्सल माल पुष्कळदा गाठींसह विकतात आणि गिऱ्हाइकासमोर तिरका ताणून दोरे सोडवतात. छापील ठिपके एकसारखे व सपाट असतात. हाताचा ठिपका किंचित वेडावाकडा, मधोमध बहुधा रंगाचा बारीक टिंब असलेला, आणि इस्त्री करेपर्यंत उंचवटा धरून राहणारा असतो.